वगळलेली रात्र

महानंदाचं घोरणं ज्या रात्री थांबलं, त्या रात्री मी जागा होतो. ते थांबलं तसं मला बरं वाटलं. हिला आता शांत झोप लागली असं समजून मी कूस बदलली आणि झोपी गेलो. पहाटे उठवायला गेलो तेव्हा तिचं अंग गार पडलं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं की मी झोपेत होतो, मला काहीच कळलं नाही. तिच्या थोरल्या बहिणीला, कस्तुरअक्कांना, हेच सांगितलं. तिच्या आईलाही हेच. डॉक्टर म्हणाले, काही माणसांचा घसा झोपेत मिटतो आणि श्वास अडतो. रोज रात्री असं वर्षानुवर्षं होत राहिलं की हृदयावर ताण येतो, आणि एखाद्या रात्री ते सावरत नाही. असा काही आजार असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. घरात तिच्या घोरण्याची चेष्टा व्हायची. अक्का आमच्याच गल्लीत राहतात. त्या म्हणायच्या, दाजी, तुमच्या घरातली मळणी आमच्या माजघरापर्यंत ऐकू येते. महानंदा हसायची. मीही हसायचो.

याला आता दोन वर्षं झाली. आमची शांभवी तेव्हा तीन वर्षांची होती, आता पाच पूर्ण झाली. आई गेल्यावर थोड्याच दिवसांत तीही घोरायला लागली.

तेव्हापासून मी तिच्या शेजारी झोपतो आणि तळहात तिच्या पाठीवर ठेवतो. झोपतो म्हणजे कान उघडा ठेवून पडतो. घोरणं थांबलं की मी तिचा खांदा दाबतो, तिला कुशीवर वळवतो. ती एक आचका देते, श्वास सुरू होतो, आणि आम्ही दोघं पुन्हा पडून राहतो. रात्रीत किती वेळा ते मी कधी मोजलं नाही. हे मी करतो असंही मला वाटत नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

मी तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर आहे. दिवसभर काम करून रात्री असं पडायचं, म्हणजे डोळे कायम लाल. लोकांना वाटायचं मी दारू धरली.

यंदा शाळेच्या बाईंनी मला बोलावलं. शांभवी वर्गात बसल्या बसल्या पेंगते, पाढे विसरते, चिडते, असं त्या म्हणाल्या. त्यांनीच मिरजेच्या डॉक्टर नसीम मुजावर यांचं नाव दिलं. डॉक्टरबाईंनी तिच्या घशात बॅटरी मारली आणि मलाही वाकून बघायला सांगितलं. दोन्ही बाजूंच्या टॉन्सिल्स सुपारीएवढ्या होत्या आणि मधे एकमेकींना टेकल्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात आणि एवढ्या मोठ्या गाठी वाट बुजवतात. श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू धोका ओळखून मुलाला अर्धवट जागं करतो, मूल हलतं, वाट उघडते. रात्रभर हाच खेळ. मूल झोपलेलं दिसतं, पण त्याला विश्रांती मिळत नाही. गाठी काढल्या की बहुतेक मुलं बरी होतात, असं त्या म्हणाल्या. जपायचं असतं ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसाला. घसा सुजलेला असतो, आणि वेदनेसाठी दिलेलं औषध मेंदूला मंद करतं. ज्या मुलांचा प्राणवायू रोज रात्री फार उतरतो, त्यांना हे औषध दुपटीनं चढतं. त्यांना अर्धाच डोस द्यावा लागतो.

कोणाचं मूल किती धोक्यात आहे, हे ठरवायला आता पहारा आहे.

पहारा म्हणजे एक पट्टी. रुपयाएवढी असते, गळ्याखाली चिकटवायची. ती श्वासाचा आवाज ऐकते, छातीचं हलणं मोजते, कातडीतून प्राणवायू बघते. पूर्वी असं ऑपरेशन झालेल्या मुलांना सरसकट रात्रभर दवाखान्यात ठेवायचे. खाटा कमी पडायच्या, नंबर लागायला सहा-सहा महिने जायचे. आणि खाटेजवळची यंत्रं एवढ्या-तेवढ्यावरून वाजायची, की सिस्टरांचे कान मरून जायचे. पहाऱ्यानं ते संपवलं. ऑपरेशनआधी चौदा रात्री पट्टी घरी लावायची. या पोराचा श्वास किती वेळा थांबतो, थांबला तर ते आपलं आपण किती वेळात सावरतं, हे पहारा शिकतो आणि मुलाला रंग देतो. लाल म्हणजे अतिदक्षता विभाग. पिवळं म्हणजे रात्रभर वॉर्ड. हिरवं म्हणजे औषधाचा पूर्ण डोस आणि संध्याकाळी सहाला घर. ऑपरेशननंतरही पट्टी गळ्याखाली असतेच, पण हिरव्या मुलांच्या बाबतीत पहारा घंटाही उशिरा देतो, कारण ती आपली आपण सावरतात हे त्यानं पाहिलेलं असतं.

पट्टीबरोबर एक कागद मिळाला होता. त्यावर लिहिलं होतं, मुलाला रोजच्यासारखं झोपू द्या, सवयीत बदल करू नका. मी काहीच बदल केला नाही.

चौदापैकी एका रात्री मात्र मी घरी नव्हतो. स्टोरेजचा कंप्रेसर बंद पडला आणि मला बोलावणं आलं. त्या रात्री अक्का शांभवीजवळ झोपल्या. अक्कांची झोप अशी की घरावरून बुलडोझर गेला तरी त्या उठायच्या नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर आवळे यांनी पडद्यावर शांभवीचा रंग दाखवला. हिरवा. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे तुमची. एवढ्या मोठ्या गाठी, पण श्वास थांबला की आठ सेकंदांत आपली आपण सावरते." अक्कांनी तिथल्या तिथं पोरीची दृष्ट काढली.

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासात झालं. सगळं नीट झालं असं सांगून डॉक्टरबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या. शांभवीला लहान मुलांच्या निरीक्षण खोलीत आणलं. तिथं मुलाजवळ फक्त बाईमाणसाला बसू देतात. बाकीच्या खाटांवरही आयाच असतात, त्यांची अडचण होते, म्हणून हा नियम. वाईट काही नाही त्यात. अक्का आत गेल्या. जाताना मी त्यांना सांगितलं, तिचा आवाज थांबला तर खांदा जरा हलवा. त्या म्हणाल्या, तुम्ही निवांत बसा, दाजी.

बाहेर बाकावर बसून मी फोनवर पहाऱ्याचा अहवाल उघडला. वेळ जात नव्हता म्हणून, दुसरं काही नाही. एकेका रात्रीचा आलेख होता. श्वास थांबला, आठ सेकंद, शरीराची हालचाल, श्वास सुरू. पुन्हा थांबला, सात सेकंद, हालचाल, सुरू. रात्रीत तीस वेळा, चाळीस वेळा. त्या हालचालीपुढे लिहिलं होतं, मूल स्वतः सावरले.

मी ते दोन-तीनदा वाचलं. आमच्या स्टोरेजवर नवा माणूस आला की तापमापी गार हवेच्या पंख्यासमोर टांगतो. आकडा खरा असतो, पण तो पंख्यासमोरच्या हवेचा असतो. आतला माल तापलेला असतो आणि कागदावर सगळं थंड. तसंच हे होतं. पट्टी खोटं बोलत नव्हती. ती हालचाल झाली होती, फक्त ती शांभवीनं केलेली नव्हती. तो माझा हात होता.

खाली एका रात्रीचा आलेखच नव्हता. तिथं लिहिलं होतं, पट्टी सैल असावी, मोजणी विश्वासार्ह नाही, रात्र वगळली. तारीख बघितली. कंप्रेसरची रात्र.

तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी लगेच उठून सांगायला हवं होतं. मी उठलो नाही. मनात म्हटलं, सहाला घरी जायचंच आहे. रात्रभर बसून राहीन, हात ठेवीन, दोन वर्षं ठेवलाय तसा. सांगितलं तर विचारतील, की तुम्ही असं का करत होता. मग ते दुसरंही निघेल. आणि अक्का आतच आहेत, त्या ऐकतील. असा विचार करत मी सुमारे तासभर बसलो. मुलीपेक्षा मला माझं झाकणं मोठं वाटलं. ते लिहायलाही लाज वाटते, पण झालं ते असं.

दोनच्या सुमाराला वेदनेच्या औषधाचा दुसरा पूर्ण डोस दिला गेला. थोड्या वेळानं अक्का दारात आल्या. चेहरा अगदी समाधानी होता. म्हणाल्या, "दाजी, काळजी करू नका. तुम्ही सांगितलं तसं मी तिला हलवलं. हालली सुद्धा न्हाई, इतकी शांत झोपलीया."

मी त्यांना बाजूला करून आत गेलो. सिस्टर आवळे आडव्या आल्या, पुरुषांना आत येता येत नाही म्हणाल्या. मी शांभवीच्या खाटेपाशी पोचलो होतो. तिच्या नाकाला प्राणवायूची बारीक नळी होती. ओठ गुलाबी होते. मी खांदा दाबला, कुशीवर वळवलं, पुन्हा दाबला. माझ्या हाताला ती दोन वर्षांत पहिल्यांदाच हालली नाही.

"सिस्टर, ते आठ सेकंद तिचे नाहीत," मी म्हणालो. "माझे आहेत. रोज रात्री मी तिला हलवतो. डॉक्टरांना बोलवा."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. प्राणवायू सत्त्याण्णव होता आणि पहाऱ्याची घंटा वाजली नव्हती. तरी माझं तोंड बघून त्यांनी फोन उचलला. ती बाई नियमाला धरून बसली असती तर आज मी हे लिहीत नसतो.

डॉक्टर मुजावर ऑपरेशनचा मास्क तोंडावर तसाच ठेवून आल्या. त्यांनी पडदा बघितलाच नाही. शांभवीच्या छातीकडे बघत मनगटावरचं घड्याळ धरून उभ्या राहिल्या. मग झटकन तिचा जबडा वर उचलला. आत ओढल्यासारखा एक श्वास आला. त्यांनी तोंडावर मास्क धरून हवा दाबायला सुरुवात केली आणि सिस्टरांना त्या औषधाचा उतारा भरायला सांगितलं. इंजेक्शन दिल्यावर दोनेक मिनिटांत शांभवी रडायला लागली. घसा कापलेला, आवाज फाटलेला. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या.

नंतर डॉक्टरबाईंनी मला समजावलं. नळीतून जादा प्राणवायू मिळत असला की श्वास फार मंदावला तरी पडद्यावरचा आकडा बराच वेळ चांगला राहतो. पण आतला घाण वायू बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो आणि मुलाला आणखी गुंगी येते. लाल खाटांवर तो वायू मोजायचं यंत्र असतं. हिरव्या खाटांवर नसतं, कारण हिरव्या मुलांना त्याची गरज पडत नाही असं धरलेलं असतं.

शांभवीला अतिदक्षता विभागात हलवलं. मग डॉक्टर मुजावर यांनी मला आणि अक्कांना त्यांच्या खोलीत बसवलं. अहवाल समोर होता. त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास बसला नव्हता.

"बिरनाळे, झोपलेला माणूस आठ सेकंदांत उठत नाही," त्या म्हणाल्या. "आणि रात्रीत चाळीस वेळा तर नाहीच. तुम्ही कसे उठता?"

मी म्हणालो, "आवाज थांबला की मला ऐकू येतं, मॅडम."

"थांबलेला आवाज?"

"हो. एकदा ऐकलाय. ऐकला आणि झोपलो."

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. अक्कांना कळलं. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. महानंदाचं घोरणं थांबलं तेव्हा मी जागा होतो, मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. मी थांबल्यावर डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या की त्या वेळी उठवलं असतं तर महानंदा वाचली असती, असं कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. वाचली नसती असंही सांगता येणार नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत याचं मला बरं वाटलं.

मग त्यांनी वगळलेली रात्र उघडली. दवाखान्याच्या यंत्रात ती होती, फक्त हिशेबात धरली नव्हती. श्वास चौतीस सेकंद थांबलेला. एकेचाळीस सेकंद. प्राणवायू एकाहत्तरवर. बाकीच्या तेरा रात्रींशी ही जुळत नव्हती, म्हणून पहाऱ्यानं पट्टी सैल झाली असं मानलं होतं. "एवढी एकच रात्र खरी होती," डॉक्टर म्हणाल्या. मग बोलल्या, पण आमच्याशी नाही, स्वतःशीच. पहारा ज्या देशात तयार झाला तिथं मुलं वेगळ्या खोलीत एकटी झोपतात. तिथं मूल हाललं म्हणजे मूलच हाललं. आपल्याकडे कोणतं मूल एकटं झोपतं? आईच्या कुशीत, आजीच्या पदराखाली. पोर घोरलं की अर्ध्या झोपेत कोणीतरी त्याला कुशीवर करतंच. हे कागदात कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी त्या आठवड्यातल्या अकरा हिरव्या मुलांच्या घरी फोन लावायला सांगितले. एकच प्रश्न, रात्री मुलाजवळ कोण झोपतं आणि ते काय करतं. सात घरांतून उत्तर आलं की हो, आम्ही वळवतो की, त्यात काय सांगायचं. दोन मुलांना त्याच संध्याकाळी परत बोलावून घेतलं. उरलेल्या पाच जणांची औषधं बदलली. आता त्या कागदावर तो प्रश्न पहिला असतो.

पण त्या वेळी हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. अतिदक्षता विभागाबाहेर मी आणि अक्का एका बाकावर बसलो होतो, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मला वाटलं, आता या उठून जातील आणि त्यांच्या आईला सांगतील, आणि त्यांनी तसं केलं तर मला बोलायला तोंड नाही. शांभवी त्यांच्याकडेच जेवते, त्यांच्याकडूनच वेणी घालून घेते. ते सगळं बंद होईल असा हिशेब मी मनात करत होतो.

बऱ्याच वेळानं अक्का म्हणाल्या, "दोन वर्सं तुम्ही माझ्या हातचं जेवताय, दाजी. आणि हे सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

मग त्या समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या. लग्नाआधी त्या दोघी एकाच अंथरुणात झोपायच्या. महानंदा तेव्हाही घोरायची. अक्का तिला लाथ घालायच्या. लाथ बसली की ती फुरफुरायची, शिव्या द्यायची आणि कूस बदलून झोपायची. लग्न ठरलं तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, सुटले बाई, आता हिला नवरा लाथा घालंल.

"तुम्ही कधी घातली न्हाई," त्या म्हणाल्या. "चांगलं वागलात. कुणाला ठावं होतं."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. मधली जागा तशीच राहिली. पण घरून डबा आला तेव्हा त्यांनी तो उघडला आणि भाकरीचे दोन भाग करून एक माझ्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषधाचा अंमल उतरला, सूजही कमी झाली. शांभवीनं डोळे उघडल्यावर बेदाणे मागितले. तिला लहानपणापासून तीच सवय. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाबांच्या स्टोरेजमधला एकही बेदाणा पंधरा दिवस तोंडात घालायचा नाही, खरखरीत काही नको. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा नियम मीच काढला होता.

दुपारी डॉक्टर मुजावर यांनी पहाऱ्याची जुनी शिकवण पुसून टाकली. आता नव्यानं मोजायचं, आणि खरं मोजायचं, असं त्या म्हणाल्या. शांभवी जेवून झोपेल तेव्हा दोन तास तिला कोणी हात लावायचा नाही. श्वास थांबला तर थांबू द्यायचा. सिस्टर आवळे उतारा आणि मास्क घेऊन पायथ्याशी उभ्या राहतील, वाजवीपेक्षा जास्त थांबला तर त्या बघतील. गाठी आता नाहीत. ती आपली आपण सावरते का, हे एकदा कळायला हवं. नाहीतर तिला आयुष्यभर कोणाचा तरी हात लागेल, आणि तो कधीतरी नसेल.

मी खुर्ची खाटेपासून दोन हात लांब ओढून बसलो. अक्का पलीकडच्या बाजूला बसल्या. शांभवी झोपली. घोरणं नव्हतं. नुसता श्वास चालला होता, इतका हलका की मला कान लावून ऐकावा लागत होता.

पंधरा-वीस मिनिटांनी तो थांबला.

माझा हात मांडीवरून उचलला गेला. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी हात खाली घेतला आणि खुर्चीच्या बैठकीची कड घट्ट धरली. चार. पाच. सहा. सिस्टर घड्याळ बघत होत्या. आठ झाले. आठच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो. नऊ. दहा. पडद्यावर प्राणवायू चौऱ्याण्णव. अकराला शांभवीनं आपली मान आपणच थोडी वळवली, ओठ मिटले, पुन्हा उघडले, आणि श्वास आत गेला. कोणी हलवलं नव्हतं. सिस्टरांनी नुसती मान डोलावली.

तो पुन्हा थांबला तेव्हा सातालाच सुरू झाला. त्यानंतर अर्धा तास थांबलाच नाही.

अक्का हळूच म्हणाल्या, "दाजी, तुम्ही सकाळपास्नं काही खाल्लं न्हाई. खाली कँटीन हाय. जावा."

मी नको म्हणणार होतो. शांभवी झोपलेली असताना मी घरी असून कधी तिच्याजवळून उठलो नव्हतो. दोन वर्षांत एकदाही नाही. मी तिच्याकडे बघितलं. छाती वर जात होती, खाली येत होती.

मी उठलो, बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं. दार जाड होतं, पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. मी जिन्याकडे चालायला लागलो.